त्या जंगलात रामशास्त्री का नव्हता?

मागच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत मुलांना सिनेमा दाखवायचं ठरलं. कोथरूडमधली जुनी चार मजली सोसायटी आहे, क्लबहाऊस वगैरे भानगड नाही, त्यामुळे पार्किंगमधल्या गाड्या रस्त्यावर काढल्या, दोन खांबांच्या मध्ये डबलबेडची पांढरी चादर ताणून बांधली, सी विंगमधल्या एकाने ऑफिसचा प्रोजेक्टर आणला, कोपऱ्याकोपऱ्यात डासांच्या कॉइल लावल्या आणि ‘द लायन किंग’ सुरू झाला. जुना, १९९४चा, हाताने चित्रं काढून केलेला. मुलं सतरंजीवर, मोठे मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. आणि सिंहांचा राजा मुफासा कड्याला लटकलेला असतो, वर गादीवर डोळा असलेला त्याचा भाऊ स्कार उभा असतो आणि मुफासा त्याच्याकडे बघून ओरडतो ना, तिथे मागून कुणीतरी जोरात म्हणालं, "काका मला वाचवा!" सगळे मोठे खो खो हसले. खरं तर तिथे भाऊ भावाला हाक मारतोय, काका तो मुफासाच्या पिल्लाचा, सिंबाचा, पण पुणेकराला काका-पुतण्या आणि गादी एकत्र दिसले की शनिवारवाडा आठवणारच, त्याला इलाज नाही. मुलांना काही कळलं नाही, ती बिचारी रडायच्या बेतात होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली तोच खेळ सुरू झाला. माझी भाची सुट्टीला आली होती, ती नाला झाली, सिंबाची मैत्रीण सिंहीण. सिंबा कोण, तर ज्याच्या बाबांनी प्रोजेक्टर आणला तो, यावर वाद पण झाला नाही. तरस व्हायला मात्र कुणी तयार होईना. मग वॉचमनचा पोरगा पंपाच्या खोलीच्या दारात बसून बघत होता, आठ-नऊ वर्षांचा असेल, त्याला हाक मारली आणि सांगितलं की तू तरस, तू तिकडे मीटरच्या बोर्डाखाली अंधारात थांबायचं, आणि या पांढऱ्या पट्ट्याच्या आत आलास की आम्ही तुला हाकलायचं. तो आनंदाने झाला. आणि हसायचा काय मस्त, डिट्टो सिनेमातल्यासारखा. मी वर गॅलरीत चहा घेऊन उभा होतो, मला हसू पण येत होतं आणि काहीतरी टोचत पण होतं.

मुलांनी वाईट काही केलं नाही हे आधीच सांगतो. त्यांनी सिनेमा बरोबर पाहिला होता, आम्हा मोठ्यांपेक्षा बरोबर. सिनेमात जे जिथे होतं ते त्यांनी तिथे ठेवलं.

मी हे पहिल्या मजल्यावरच्या काकांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, अहो कार्टून आहे ते, त्यात कसलं राजकारण शोधता, तुम्हाला भेळेत पण राजकारण दिसेल. शेजारच्या वहिनींचं म्हणणं वेगळंच, किती छान बोध आहे, जबाबदारीपासून पळू नये, वडिलांचं नाव राखावं. आता ही बोधाची सवय आपल्याला शाळेत लागलीये, धडा संपला की खाली तात्पर्य, आणि परीक्षेत तेवढंच विचारायचे. त्यामुळे लहान मुलांच्या सिनेमाची परीक्षा पण आपण तात्पर्यावरून करतो, तात्पर्य चांगलं तर सिनेमा चांगला. माझं म्हणणं एवढंच आहे की सिनेमाचं राजकारण तात्पर्यात बघायचंच नाही. तात्पर्य सगळ्यांचीच चांगली असतात, चोरी करू नये, मित्राला दगा देऊ नये, यावर कोण भांडणार. बघायचं असेल तर कुणाला जेवायला मिळतं, कुणाला नाही आणि ते कुणालाच खटकत कसं नाही, ते बघावं.

या सिनेमात बघा. अगदी सुरुवातीला मुफासा पोराला कड्यावर नेतो आणि दाखवतो की जिथवर ऊन पोचतं तिथवर सगळं आपलं. पोरगं विचारतं, आणि ती सावलीतली जागा? तर म्हणे ती आपल्या हद्दीबाहेर, तिकडे जायचं नाही. तिकडे काय आहे, तर हत्तींची हाडं, गवत नाही, पाणी नाही, आणि तिथे तरसं राहतात. ती तिथे का राहतात, त्यांना कुणी पाठवलं, हे सिनेमा अवाक्षराने सांगत नाही. नंतर तरसं सिंहांच्या हद्दीत आली एवढी बातमी आली तरी राजा धावत सुटतो. आपल्याला हा नकाशा समजून घ्यायला परदेशी पुस्तकं वाचायची गरज नाही, गावकुसाबाहेर हा शब्द मराठीत आहेच. सिनेमा करणाऱ्यांच्या डोक्यात आपलं गाव नव्हतं, मान्य, पण चादरीवर ते चित्र पडतं तेव्हा समोर आपली मुलं बसलेली असतात आणि ती खाली जाऊन पार्किंगमध्ये पांढरा पट्टा शोधतात.

बरं, तरसांना हवंय काय? पूर्ण सिनेमाभर त्यांची एकच मागणी आहे, पोटाला. सिंहासन नको, सूड नको. स्कार त्यांच्यापुढे झेब्र्याची तंगडी टाकतो आणि वचन देतो की माझ्याबरोबर राहा, पुन्हा उपाशी राहणार नाही. मग ते गाणं येतं, रांगेने चाललेली तरसं, वर उंच दगडावर उभा स्कार, ती परेड १९३५च्या जर्मन प्रचारपटातल्या परेडवर बेतलीये हे सिनेमाचा अभ्यास करणारे सगळे सांगतात, आणि बघणाऱ्याला न सांगताही कळतं. तो सीन मला प्रचंड आवडतो. भुकेल्या माणसाला कुणीतरी तंगडी टाकली की तो कुणाच्याही मागे पावलात पाऊल टाकून जातो, हे इतक्या कमी वेळात आणि इतक्या ताकदीनं मोठ्यांच्या सिनेमात पण क्वचित दाखवतात. पण सिनेमा तिथेच थांबतो. भुकेचा फायदा कुणी घेतला हे त्याला विचारायचंय, भूक मुळात आली कुठून हे विचारायचं नाही. आणि ते विचारलं असतं तर बोट मुफासाकडे गेलं असतं, आपल्या सगळ्यांच्या लाडक्या, त्या खर्जातल्या आवाजाच्या बाबांकडे.

मुफासाचं ते चक्राचं भाषण आठवा. हरणं गवत खातात, आपण हरणं खातो, आपण मेलो की आपलं गवत होतं, मग हरणं ते खातात, असं सगळं जोडलेलं आहे. लहानपणी मला हे फार थोर वाटलं होतं, अजूनही ऐकताना बरं वाटतं. पण हे भाषण हरणाने केलं असतं तर गोष्ट वेगळी. जेवणाऱ्याने ताटातल्याला समजावून सांगायचं की बाबा रे शेवटी हिशोब सारखाच आहे, तुझं आत्ता, माझं म्हातारपणी. आणि गंमत म्हणजे त्या चक्रात तरसाला जागाच नाही, खरं तर मेलेलं खाऊन, हाडं चावून चक्र फिरतं ठेवणारा प्राणी तोच.

खऱ्या तरसांचं पण थोडं सांगतो, कारण इथे सिनेमाने नुसती गोष्ट सांगितली नाहीये, एका जुन्या बदनामीवर शिक्का मारलाय. आफ्रिकेतलं ठिपक्यांचं तरस हे आयतं खाणारं, सिंहाचं उष्टं खाणारं, असं सगळे मानायचे. १९६०च्या दशकात हान्स क्रूक नावाचा अभ्यासक टांझानियात गोरोंगोरोच्या विवरात रात्री तरसांच्या मागे फिरला तेव्हा उलटंच दिसलं. तरसं रात्री स्वतः शिकार करायची, सिंह येऊन ती हिसकावून घ्यायचे, आणि सकाळी लोक गाडीतून यायचे तेव्हा सिंह खाताना दिसायचे आणि तरसं लांब ताटकळत बसलेली. सकाळी जे दिसलं ते लोकांनी लिहिलं. आणि त्यांच्या टोळीत राज्य मादीचं असतं, हे वेगळंच. आपल्याकडचं तरस पट्ट्यांचं, बरंचसं मढ्यांवर जगणारं, सासवड, सुपे, इंदापूरकडच्या माळरानावर अजून आहे, तुमच्या-आमच्या घरापासून दोन-तीन तासांच्या आत. ते माळरान सरकारी कागदावर वर्षानुवर्षं पडीक म्हणून लिहिलं गेलं. सावलीतली जागाच म्हणा ना. गवत दिसतं, उजाड दिसतं, म्हणजे तिथे कुणी नाही, काहीही करा त्याचं. सिंहासाठी गिरला हजार किलोमीटर जाणारे लोक मला माहितीयेत, इंदापूरच्या माळावर तरस बघायला चल म्हटलं की म्हणतात, ते कसलं बघायचं, घाण असतं. हे घाण कुठून आलं, आजीकडून थोडं आणि चादरीवरून थोडं.

आवाजांचं पण आहेच. मूळ इंग्लिशमध्ये तरसांना आवाज कुणाचे, तर हूपी गोल्डबर्ग आणि चीच मरिन, म्हणजे एक काळी अमेरिकन आणि एक मेक्सिकन वंशाचा, आणि त्यांच्या बोलण्यात रस्त्यावरचा ठसका. यावरून तेव्हा अमेरिकेत बरीच टीका झाली. पण मुफासाचा आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, तो पण काळाच, त्यामुळे हे इतकं सरळ नाही आणि मी ते सरळ करणार नाही. आपल्याकडे २०१९च्या नव्या आवृत्तीत हिंदीत मुफासा शाहरुख आणि सिंबा त्याचाच मुलगा आर्यन, म्हणजे घराणेशाहीची गोष्ट घराणेशाहीनेच सांगितली, याहून प्रामाणिक कास्टिंग होणार नाही. आणि सिंबाचा जंगलातला मित्र टिमॉन झाला श्रेयस तळपदे, एकदम मुंबईया. राजा शुद्ध बोलतो आणि हसवणारा टपोरी बोलतो. यावर पुण्यात बसून नाक मुरडायचं कारण नाही, आपल्या बालनाट्यांत वर्षानुवर्षं राजपुत्र सदाशिवपेठी बोलतोय आणि शिपाई, नोकर, चोर ग्रामीण. मी स्वतः शाळेच्या गॅदरिंगला चोर होतो आणि मला बाईंनी सांगितलं होतं की जरा गावाकडचं बोल, लोक हसतील. लोक हसले. माझे आजोबा तसंच बोलायचे, ते पण पहिल्या रांगेत बसून हसले होते.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. मुफासाला मारून, सिंबाला पळवून लावून स्कार गादीवर येतो आणि दुष्काळ पडतो. सिंबा परत येतो आणि पाऊस पडतो, शब्दशः त्याच रात्री, आग विझवणारा पाऊस, आणि पुढच्या सीनला सगळं हिरवंगार. म्हणजे चुकीचा माणूस वर बसला आणि नको ती मंडळी आत आली म्हणून पाणी आटलं. आपल्याकडे महाभारतातलं वचन आहे, राजा कालस्य कारणम्, आणि काकांनी ते लगेच माझ्या तोंडावर फेकलं. पण ते वचन राजाला धाक घालायला आहे, काळ वाईट आला तर तुझी जबाबदारी, सबब सांगू नकोस. सिनेमा ते उलटं वापरतो. तिथे राजाने काय केलं याला महत्त्वच नाही, कोण कुणाचा मुलगा एवढं कळलं की ढग आपोआप जमतात. सिंबाने राज्य चालवण्यातलं काय शिकलेलं असतं? इतकी वर्षं तो जंगलात किडे खात मजेत होता. (खरं तर तेव्हा तो सगळ्यात सभ्य सिंह होता, कुणाचं हरीण मारत नव्हता, रानडुकराबरोबर राहत होता, पण सिनेमाच्या मते हा बेजबाबदारपणा.)

ज्या घरात कुणी १९७२चा दुष्काळ पाहिलाय त्या घरात हे पावसाचं गणित चालायला नको. माझी आई करमाळ्याकडची, तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. ती सांगते ते सगळं खडी फोडण्याचं, सरकारी सुकडीचं आणि मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीचं. कुणी राजपुत्र आल्याचं ती सांगत नाही. रस्त्याची, पाझर तलावांची कामं काढली, लोकांनी हातोडे घेतले, आठवड्याला हजेरी आणि पगार, त्यावर माणसं जगली. आणि त्यातून पुढे काय झालं, तर मागेल त्याला काम द्यायचं हे सरकारवर कायद्याने बंधन आलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पाग्यांनी ती कल्पना त्याआधीच मांडलेली होती, १९७७ला महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, २००५ला देशाने. कामं वेळेवर निघायची नाहीत, मस्टर खोटी असायची, ते सगळं मान्य. पण दुष्काळावर आपण शोधलेला उपाय हा होता, हातात हजेरीचा कागद. त्याच मातीतली मुलं चादरीवर बघतात की योग्य रक्ताचा माणूस कड्यावर चढून डरकाळी फोडतो आणि सरी येतात.

आता परत शनिवारवाड्यावर येतो, कारण मागून जो ओरडला त्याने नकळत फार चांगला मुद्दा काढला होता. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणरावाला गारद्यांनी वाड्यात मारलं, काका राघोबादादा पेशवा झाला. सेम गोष्ट. पण पुढची गोष्ट सेम नाही. आपल्याला शाळेत जे शिकवलं त्यात नारायणराव मेल्यावर मुफासासारखा ढगातून बोलत नाही आणि कुठला सिंबा परत येत नाही. एक न्यायाधीश उभा राहतो, रामशास्त्री प्रभुणे, आणि राज्य करणाऱ्या माणसाला तोंडावर सांगतो की याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही, आणि पुणं सोडून निघून जातो. आणि बारभाई जमतात, आपसात एरवी न पटणारी माणसं, आणि कारभार हातात घेतात. हो, त्यांनी पण नारायणरावाच्या मागे जन्मलेल्या बाळाला गादीवर बसवूनच सगळं केलं, रक्त सुटलं नव्हतं, आणि त्यांच्यापैकी कुणी संत नव्हतं. तरी पण अन्यायाला अन्याय म्हणायला वारस यावा लागला नाही, पगारी नोकर पुरला.

त्या जंगलात असा एकही प्राणी नाही. झाझू आहे, तो राजाचा निरोप्या. रफिकी आहे, तो अंगारे-धुपारे आणि बारसं बघतो. आणि सिंहिणी. सराबी शिकारीची प्रमुख आहे, तिच्याबरोबर अख्खी टोळी, त्या रोज म्हैस पाडू शकतात, पण स्कारसमोर मान खाली घालून वर्षानुवर्षं उभ्या, आणि एक जण, नाला, बाहेर पडते ती पण एका पुरुषाला आणायला पोचते. सिंहांच्या खऱ्या कळपात घर बायकांचं असतं, आई, मावश्या, बहिणी तिथेच जन्म काढतात, आणि नर म्हणजे दोन-चार वर्षांचे भाडेकरू, जवळजवळ अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर. नवा नर आला की आधीची पिल्लं मारतो हे पण खरं, ते मुलांना दाखवा असं मी म्हणत नाही. पण निसर्गात जी सत्ता बायकांकडे आहे ती काढून राजाला दिली ही निवड लिहिणाऱ्यांची आहे, सिंहांची नाही. शेवट तर कमालच. स्कार सगळा दोष तरसांवर ढकलतो, ती ऐकतात, आणि त्याचा निकाल तीच लावतात. म्हणजे घाण काम पण त्यांनीच केलं. पुढच्या सीनला हिरवळ, झेब्रे, जिराफ, नवं पिल्लू, सगळे आहेत, तरसं नाहीत. कुठे गेली, जेवली का, काही नाही.

डिस्नेला हे सगळं कळत नसेल असं नाही. २०२४च्या ‘मुफासा’मध्ये त्यांनी मुफासाला अनाथ करून टाकलं, राजघराण्यातला खरा वारस स्कार, म्हणजे रक्ताचा मुद्दा त्यांनी स्वतःच खोडला. छान केलं. पण राजा लागतोच, आणि बाहेरचे वाईट लागतातच, यावेळी पांढरे सिंह.

मग दाखवू नये का? तर दाखवावा, मी पुढच्या मेमध्ये पण चादर बांधायला येणार आहे. हा सिनेमा सुंदर आहे, त्या वाइल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांच्या लोंढ्याचा सीन बघताना मी पंचेचाळिसाव्या वर्षी पण खुर्चीचा हात धरला होता. आणि सुंदर आहे म्हणूनच त्याच्याशी भांडायचं. रद्दी सिनेमाचं राजकारण कुणाच्या अंगाला चिकटत नाही. सेन्सॉर आता सात वर्षांवरचे, तेरावरचे, सोळावरचे असे शिक्के मारतं, पण ते रक्त, शिव्या, भीती मोजतं, मीटरच्या बोर्डाखाली कुणाला उभं करणार हे मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नाही आणि नसलेलंच बरं, ते काम पाठीमागच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचं आहे. आणि परदेशी म्हणून पण बोंब मारायची नाही, आपल्या छोटा भीममध्ये दादागिरी करणाऱ्या जाड्या पोराचं नाव कालिया आहे आणि ढोलकपूरच्या राजाला दर संकटात नऊ वर्षांच्या मुलाला बोलवावं लागतं, तिथे सैन्य काय करतं हा प्रश्न मी भाचीला विचारला तर ती म्हणाली, मामा तू गप्प बस ना.

गप्प बसलो. काकांचं तेवढं बरोबर आहे की सिनेमा चालू असताना बोलणारा मामा कुणालाच आवडत नाही.

खेळ चार दिवस चालला. पाचव्या दिवशी दुपारी सिंहगडाच्या बाजूने काळं भरून आलं, धूळ उडाली, लाईट गेले आणि वळीव कोसळला, गारांसकट. मुलं सगळी खाली, प्रोजेक्टरवाल्यांचा मुलगा कंपाउंडच्या कठड्यावर चढून तोंड वर करून डरकाळ्या फोडतोय, आणि काका खिडकीतून मला ओरडले, "बघा, आला तुमचा सिंबा, पडला की नाही पाऊस!" मी पण हसलो. वॉचमनचा पोरगा पट्ट्याच्या मधोमध बसून टोपीत गारा गोळा करत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला नेहमीसारखा टँकर आला, त्याच्या वडिलांनी पाइप टाकीत सोडला आणि सेक्रेटरींनी वहीत आकडा लिहिला.